दिवे भरपूर, तरी खोली भकास

घरातल्या उजेडाबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी पाच या वेळी घेतले आहेत. जिथे वायरिंगला हात लावायचा आहे तिथे मेन स्विच बंद करून जाणत्या वायरमनकडूनच काम करून घ्यावं. हे प्रत्येक उत्तरात पुन्हा लिहिलेलं नाही.

प्रश्न: आमचा हॉल १२ बाय १५ फुटांचा आहे. समोरासमोरच्या भिंतींवर २० वॉटच्या दोन एलईडी ट्यूब आहेत. लख्ख दिसतं, पण संध्याकाळी तिथे बसावंसं वाटत नाही. ऑफिसात बसल्यासारखं होतं. तिसरी ट्यूब लावू का?

उत्तर: नको. उजेड कमी नाहीच. तुमचा हॉल साधारण १७ चौरस मीटरचा. दोन ट्यूब मिळून ४००० लुमेनच्या (दिव्यातून निघणाऱ्या एकूण उजेडाचं माप) आसपास उजेड देतात. त्यातला निम्मा भिंती, छत आणि धूळ यांत गेला असं धरलं तरी १२० लक्स (दर चौरस मीटरवर पडणारे लुमेन) उरतात. बसण्याउठण्याच्या खोलीला १०० ते १५० लक्स पुरतात. म्हणजे दुखणं दुसरीकडे आहे, आणि ते दोन ठिकाणी आहे.

पहिलं, रंग. ट्यूबवर बहुधा ६५०० के असं छापलेलं असेल, म्हणजे कूल डेलाइट. (के म्हणजे केल्व्हिन, उजेडाच्या रंगाचं माप: आकडा मोठा तितका रंग निळसर, लहान तितका पिवळसर.) हा रंग दिवसाच्या उजेडाचा. पण ढगाळ दिवशीसुद्धा बाहेर हजारो लक्स असतात. तोच रंग शंभर-सव्वाशे लक्सवर आणला की माणसांचे चेहरे फिकट आणि भिंती राखाडी दिसू लागतात. कमी उजेडात पिवळसर रंग सुखद वाटतो आणि निळसर रंग उदास, हे क्रुइटहॉफ या डच शास्त्रज्ञाने १९४१ मध्ये मांडलं. त्याच्या आलेखाचे सगळे बारकावे पुढच्या प्रयोगांत टिकले नाहीत. तरी संध्याकाळच्या बैठकीपुरतं २७०० ते ३००० के घ्यावं, असंच आम्ही सुचवू. आणि एका खोलीत एकाच वेळी लागणारे दिवे एकाच रंगाचे हवेत. एक पांढरा, एक पिवळा असं केलं की पिवळा मळका दिसतो आणि दोष उगाच दिव्यावर येतो.

दुसरं, जागा. दोन्ही ट्यूब उंचावर, उघड्या, आणि समोरासमोर. कुठल्याही सोफ्यावर बसा, एक ट्यूब डोळ्यांवर येणारच. शिवाय सगळीकडे सारखा उजेड पडल्याने खोली सपाट वाटते. एक ट्यूब झाडलोट, शोधाशोध यांसाठी ठेवा. बाकीचा उजेड खाली उतरवा: सोफ्यामागच्या कोपऱ्यात ८०० लुमेनचा (साधारण ९ वॉट) उभा लॅम्प, त्याचं तोंड भिंतीकडे किंवा छताकडे; समोरच्या कोपऱ्यात टेबलावर ४००-५०० लुमेनचा कापडी शेडचा लॅम्प; आणि टीव्ही असेल तर त्याच्या मागे एक मंद दिवा, म्हणजे अंधारातल्या उजळ पडद्याने डोळे शिणत नाहीत. टेबललॅम्पच्या शेडची खालची कड बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीला हवी, जमिनीपासून १०० ते १०५ सेंटीमीटर. त्याहून वर गेली की आतला बल्ब दिसतो. प्रत्येक दिव्याला स्वतंत्र स्विच द्या. तीन दिवे एकाच बटणावर घेतले तर पुन्हा ट्यूबच लावल्यासारखं होईल.

भिंत गडद रंगाची असेल तर हे आकडे वाढवावे लागतील. पांढरी भिंत पडलेल्या उजेडातला ८० टक्क्यांच्या आसपास परत फेकते, गडद निळी किंवा तपकिरी भिंत बहुतेक गिळून टाकते.

प्रश्न: वॉर्म व्हाइट (पिवळसर) दिवे लावल्यापासून सत्तरीतल्या आईंना वाचता येत नाही. पुन्हा पांढरे लावावेत का?

उत्तर: रंगाला दोष देऊ नका, कागदावर पुरेसा उजेड पडत नाहीये. साठीच्या पुढे बाहुली लहान होते, भिंग पिवळसर पडतं, आणि विशीतल्या डोळ्याच्या मानाने साधारण एक तृतीयांशच उजेड आत पोचतो. छताचा दिवा बदलून हे भरून निघत नाही. वाचायचा लॅम्प जवळ आणा: छोट्या दिव्याचं अंतर निम्मं केलं की कागदावरचा उजेड चौपट होतो. पानावर किमान ५०० लक्स, शक्य तर त्याहून जास्त हवेत. मोबाइलवरचं लक्समीटर अचूक नसतं, पण आधी किती आणि आता किती हे पाहायला पुरतं. लॅम्प खांद्याच्या थोडा मागे, बाजूला ठेवा. समोर ठेवला तर गुळगुळीत कागद चमकतो आणि अक्षरं पुसट होतात. बल्ब घेताना खोक्यावर सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी आकडा) ९० किंवा जास्त आहे का पाहा.

रात्री उठण्यासाठी मात्र मोठा दिवा नको. पलंगापासून बाथरूमपर्यंत जमिनीपासून फूटभर उंचीवर सेन्सरचे मंद पिवळे दिवे लावा. पाऊल कुठे पडतंय ते दिसतं आणि झोप मोडत नाही.

प्रश्न: फॉल्स सीलिंगच्या कडेने १० मीटर एलईडी पट्टी लावली. सुरुवातीला उजेड छान, शेवटी मिणमिणता. शिवाय छतावर ठिपके ठिपके दिसतात. पट्टी खराब निघाली का?

उत्तर: पट्टी बहुतेक ठीक आहे, जोडणी चुकली आहे. मीटरला ९.६ वॉटची पट्टी धरली तर १० मीटरला ९६ वॉट लागतात. १२ व्होल्टवर हा प्रवाह ८ अँपिअर होतो आणि पट्टीतल्या पातळ तांब्यातून तो शेवटपर्यंत जाईस्तोवर व्होल्टेज गळतं. उपाय: पट्टीचे ५-५ मीटरचे दोन तुकडे करा आणि दोघांना ड्रायव्हरपासून (पट्टीला वीज पुरवणारा डबा) स्वतंत्र, जाड वायर द्या. पट्टी फक्त कापायच्या खुणेवरच कापायची. खूण चुकली तर तेवढा भाग पेटणार नाही. नवीन घेत असाल तर २४ व्होल्टचीच घ्या, प्रवाह निम्म्यावर येतो. ड्रायव्हर लागणाऱ्या वॉटपेक्षा किमान २० टक्के मोठा हवा, इथे १२० वॉट. आणि तो पीओपीच्या आत बुजवू नका. तापून तोच आधी जातो, आणि मग छत फोडायची पाळी येते.

ठिपके दिसतात कारण पट्टी छताला फार जवळ आहे. पट्टी आणि वरचं छत यांत किमान १५ सेंटीमीटर मोकळी जागा हवी. ती आता वाढवता येत नसेल तर अ‍ॅल्युमिनियमच्या चॅनेलमध्ये दुधी झाकण लावून पट्टी बसवा, किंवा मीटरला ६० ऐवजी १२० एलईडीची घ्या. चॅनेलमुळे उष्णताही ओढून घेतली जाते, त्यामुळे पट्टी जास्त टिकते.

प्रश्न: पंख्याच्या आजूबाजूला छतात चार डाउनलाइट बसवले. पंखा लावला की सगळी खोली फडफडते.

उत्तर: दिवे पात्यांच्या वर आहेत आणि पाती उजेड कापतात. ४८ इंची पंख्याचं पातं मध्यापासून २ फूट फिरतं. डाउनलाइटचा झोत पसरट असतो, म्हणून मध्यापासून ३ फुटांवर लावलेला दिवाही सुटत नाही. दिवे भिंतीकडे सरकवा, झोत अरुंद असलेले घ्या, किंवा उजेडाचा मुख्य भार पात्यांच्या खाली असलेल्या भिंतीवरच्या दिव्यांवर टाका. वॉट कमी करून हे जाणार नाही.

प्रश्न: स्विच बंद केला तरी बेडरूममधला एलईडी बल्ब अंधारात मंद पेटलेला राहतो. बल्ब तीनदा बदलला.

उत्तर: बल्ब बदलणं थांबवा. स्विचमध्ये बारीक इंडिकेटर दिवा आहे का ते आधी पाहा. त्यातून झिरपणारा नाममात्र प्रवाह जुन्या तारेच्या बल्बला जाणवतही नसे, एलईडीला तेवढ्याने धुगधुगी येते. इंडिकेटर नसलेला स्विच लावला की प्रश्न मिटतो. तसा इंडिकेटर नसेल तर स्विच फेजऐवजी न्यूट्रल तोडत असण्याची शक्यता मोठी. ती तपासणी वायरमनकडून लगेच करून घ्या, कारण मग स्विच बंद असतानाही होल्डरमध्ये फेज जिवंत असतो आणि बल्ब काढताना झटका बसू शकतो. दोन्ही बरोबर असूनही बल्ब पेटत असेल तर लांब समांतर गेलेल्या वायरींमुळे तसं होतं. दिव्याला समांतर एक छोटा, मेन्सच्या व्होल्टेजसाठी बनवलेला कपॅसिटर बसवून ते थांबवता येतं.