ताफ्यात ताफा कसा?

प्रश्न असा आहे की एकाच बातमीत वर 'विक्रांत २०२२ साली नौदलाच्या ताफ्यात दाखल झाली' आणि खाली 'विक्रांत आपल्या ताफ्यासह सरावाला निघाली' असं आलंय, मग ह्यातला खरा ताफा कुठला, आणि कॅरियर स्ट्राइक ग्रुपला, म्हणजे विक्रांतसारखी विमानवाहू नौका आणि तिच्यासोबतची जहाजं ह्यांना मिळून, मराठीत म्हणायचं काय.

दोन्ही वाक्यं बरोबर आहेत. पहिला ताफा म्हणजे पदरी असलेलं सगळं, एसटीच्या ताफ्यात नव्या गाड्या येतात तसा. दुसरा म्हणजे कुणा एकाच्या सोबतीने निघालेले, मंत्र्यांच्या गाड्यांचा ताफा जातो ना तसा, आणि स्ट्राइक ग्रुप हा ह्या दुसऱ्या अर्थाचा.

शब्द मूळचा अरबी 'ताइफा', म्हणजे समूह, टोळी. त्याचंच अनेकवचन 'तवाइफ', आणि आपल्याकडे कलावंतिणींचाही ताफा असायचा. ह्याच्या मुळाशी असलेल्या धातूचा अर्थ फिरणं, फेरी घालणं, काबाभोवतीच्या प्रदक्षिणेला तवाफ म्हणतात तोही त्यातलाच, आणि म्हणूनच मला हा शब्द इथे इतका चपखल वाटतो की दुसरा शोधायची इच्छाच होत नाही! कारण विमानवाहू नौका एकटी कधी लढाईला जात नाही, तिच्याभोवती विनाशिका (डिस्ट्रॉयर) आणि फ्रिगेट ह्या युद्धनौका असतात, बऱ्याचदा खाली एखादी पाणबुडी, आणि इंधन-रसद पुरवणारं जहाज. फोटोत सगळ्या खेटून दिसतात ते फोटोपुरतं, एरवी मैलोन्‌मैल लांब राहून कडं करतात. अमेरिकेत अशा एका ताफ्यावर साधारण ६५-७० विमानं आणि साडेसात हजारांच्या आसपास माणसं असतात.

जाता जाता, 'विनाशिका' हा शब्द मला खटकतो. इंग्रजीत मूळ नाव होतं टॉर्पेडो बोट डिस्ट्रॉयर, म्हणजे मोठ्या जहाजांवर चालून येणाऱ्या छोट्या टॉर्पेडो बोटींचा नाश करणारी, थोडक्यात राखणदार. आधीचे 'टॉर्पेडो बोट' हे शब्द गळले, नाश तेवढा उरला आणि आपण तोच भाषांतरात घेतला. आता रुळलाय, बदलणार नाही, पण ताफ्यात तिचं मुख्य काम अजून राखणीचंच आहे, आता विमानं, क्षेपणास्त्रं आणि पाणबुड्यांपासून.

'आरमार' मात्र इथे नको. तो पोर्तुगीज 'आर्मादा'वरून आलेला मानतात आणि आपल्याकडे त्याचा अर्थ सगळं नौदल, शिवाजी महाराजांचं आरमार म्हणतो तेव्हा चार जहाजं डोळ्यापुढे येत नाहीत.

राहिला 'स्ट्राइक'. अमेरिकेने २००४ मध्ये 'बॅटल ग्रुप'चं 'स्ट्राइक ग्रुप' केलं, तेव्हा अधिकृत नावच भाषांतरित करायचं असेल तर 'विमानवाहू प्रहार गट' चालेल. एरवी बातमीत 'विक्रांत आणि तिचा ताफा' एवढं लिहिलं तरी पुरतं, आणि वरच्या वाक्यात 'ताफ्यात दाखल'च्या जागी सरळ 'नौदलात दाखल' केलं की घोळही मिटतो.