पासच्या दोन्ही बाजूंची माणसं

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. 'इथे सगळे एकमेकांवर ओरडत असतात, मग यांची मैत्री होते कशी?' असं विचारलं आहेस. होते, आणि पुष्कळ टिकते. माझी आजची सगळ्यात जवळची माणसं मला रेस्टॉरंटच्या कामातच मिळाली.

आधी ओरडण्याचं बघू. ऐन सर्व्हिसमध्ये, म्हणजे गिऱ्हाइकांची जेवणं चालू असताना, 'मागे आहे', 'गरम आहे' असं कुणी ओरडतं, ते तुला भाजू नये म्हणून. ऑर्डर पुकारली की मोठ्याने ओ द्यायची, म्हणजे पुकारणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो आणि तो पुढच्या ऑर्डरकडे वळतो. एस्कॉफिए या फ्रेंच शेफने १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात सैन्यासाठी स्वयंपाक केला होता. पुढे १८९० मध्ये लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात आल्यावर त्याने सैन्यासारखी शिस्त लावून किचनची कामं वाटून दिली. तेव्हापासून एकाच्या हाताने ताट पूर्ण होत नाही. ग्रिलवाल्याचं झालं तरी सॉसवाल्यासाठी थांबावं लागतं. अशा ठिकाणी कोण शब्दाला जागतो, ते आठवड्याभरात कळतं. बाहेर ते कळायला वर्षं जातात. मात्र हाक वेगळी आणि अपमान वेगळा. कुणी शिवीगाळ करत असेल तर ते 'किचनमध्ये चालायचंच' म्हणून सोडून देऊ नकोस.

पण भरवसा म्हणजे अजून मैत्री नव्हे. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांचा २०१८ चा एक अभ्यास आहे. नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास लागतात आणि जिवलग व्हायला २०० हून जास्त, असं त्यात दिसलं. आपल्या धंद्यात २०० तास महिन्याभरात भरतात! गोम अशी की, बरोबर काम करताना गेलेले तास त्यात तितकेसे धरता येत नाहीत, असंही हॉल यांना आढळलं. मला हे मनापासून पटतं. किचनमधल्या एकाच स्टेशनवर, म्हणजे कामाच्या ठरलेल्या जागी, वर्षानुवर्षं शेजारी उभे राहिलेले आणि एकमेकांच्या घरचं काहीच माहीत नसलेले लोक मी पाहिले आहेत.

म्हणून स्टाफच्या जेवणाला बसत जा. ताट घेऊन मागच्या दाराशी उभ्याने, फोन बघत जेवू नकोस. रोज त्याच चौघांतही बसू नकोस. किचनवाले एका बाजूला आणि फ्लोअरवाले, म्हणजे बाहेर वाढणारे, दुसऱ्या बाजूला, ही भिंत तुझ्यापुरती तरी पाड. टेबलावरच्या गिऱ्हाइकाचा राग वेटर झेलतो, हे किचनला दिसत नाही. तयार ताटं किचनमधून बाहेर जिथे दिली जातात त्या कट्ट्याच्या, म्हणजे 'पास'च्या, पलीकडचा उकाडा फ्लोअरला जाणवत नाही. आणि भांडी घासणाऱ्याला नावाने हाक मार. तो एक दिवस आला नाही तर अख्खी सर्व्हिस बसते, तरी त्याची विचारपूस सगळ्यात शेवटी होते. तुझं आवरलं की दहा मिनिटं त्याच्या सिंकपाशी उभा राहा. न सांगता केलेली ही मदत माणसं विसरत नाहीत.

आपली सुट्टी जगाच्या सुट्टीच्या दिवशी नसते. जुने मित्र मोकळे असतात तेव्हा आपण कामावर, म्हणून साहजिकच एकमेकांचाच आधार होतो. तो आधार नुसता रात्री काम संपल्यावर प्यायला बसण्यावर उभा राहू देऊ नकोस. एकाने पिणं सोडलं की असा कंपू त्याला विसरतो. दिवसा भेटा, चाला, कुणाचं सामान हलवायचं असेल तर हात लावा.

या धंद्यात माणसं सारखी जागा बदलतात, आणि खरी परीक्षा तिथून पुढे होते. कुणी सोडून जाताना नवीन ठिकाणचा ऑफ कुठल्या वारी आहे ते विचारून ठेव आणि त्याच वारी फोन कर. पहिले दोन-तीन फोन तुलाच करावे लागतील, कारण नव्या जागी त्याची धांदल चालू असेल.

तुझा,
एक जुना सहकारी