रात्री दोनला कोण काय पाहतं?

प्रश्न : ताई, आम्ही पाच जणी एका घरात भाड्याने राहतो. वायफाय एकच, आणि राउटर घरमालकांच्या ताब्यात. झोप लागत नाही म्हणून रात्री मी नैराश्यातून बाहेर पडलेल्या लोकांच्या मुलाखती एका स्ट्रीमिंग साइटवर पाहते. परवा मालक म्हणाले, "तुमच्यातलं कुणीतरी रात्री दोनला मनोविकाराच्या साइटवर असतं." माझे हातपाय गार पडले. फोनमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' आधीपासून 'ऑटोमॅटिक'वर आहे. मग त्यांना कळलं कसं?

उत्तर : तुम्ही लपूनछपून काही वाईट करत नाही आहात, हे आधी मनात पक्कं करा. स्वतःला सावरण्यासाठी जे पाहता ते इतरांच्या गप्पांचा विषय होऊ नये, ही अगदी रास्त अपेक्षा आहे.

कुठलीही साइट उघडण्याआधी फोन तिच्या नावावरून तिचा अंकी पत्ता विचारून घेतो. ही डीएनएसची पद्धत पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये आखली. तेव्हा नेटवर्क लहान होतं आणि हा प्रश्न कुणापासून झाकावा असं वाटण्याचं कारण नव्हतं. म्हणून तो आजही बऱ्याच ठिकाणी उघडपणे, ५३ क्रमांकाच्या पोर्टवरून (नेटवर्कवरच्या ठरलेल्या दारातून) जातो. चव्हाट्यावर उभं राहून मोठ्याने पत्ता विचारावा, तसा. मुलाखत कुणाची पाहिली हे एचटीटीपीएसमुळे, म्हणजे फोन आणि साइट यांच्यातला मजकूर झाकणाऱ्या पद्धतीमुळे, मालकांना दिसत नाही. साइटचं नाव मात्र राउटरच्या लॉगमध्ये उमटतं.

आता 'ऑटोमॅटिक'बद्दल. या शब्दावर मीही बरेच दिवस विसंबून होते. एकदा घरच्या नेटवर्कवर पॅकेट कॅप्चर (जाणारा-येणारा डेटा टिपून पाहण्याची सोय) लावला आणि माझ्याच फोनचे प्रश्न ५३ वरून उघडे जाताना दिसले. 'ऑटोमॅटिक'मध्ये फोन त्या नेटवर्कने दिलेल्या डीएनएसलाच विचारतो. त्याला एन्क्रिप्शन, म्हणजे मजकूर सांकेतिक करून पाठवणं, येत असेल तर ठीक, नाहीतर काही न सांगता साध्या पद्धतीवर येतो. वायफायवर तो डीएनएस बहुतेक वेळा राउटरच असतो, आणि राउटर मालकांचा.

म्हणून त्याच सेटिंगमधला तिसरा पर्याय निवडा, जिथे प्रोव्हायडरचं, म्हणजे डीएनएस पुरवणाऱ्या सेवेचं, होस्टनेम (नेटवरचं नाव) टाकायचं असतं. अँड्रॉइड ९ पासून तो आहे. तिथे रोमन अक्षरांत 'डीएनएस डॉट क्वाड९ डॉट नेट' (dns.quad9.net) लिहा. क्वाड९ ही स्वित्झर्लंडमधली ना-नफा संस्था आहे आणि विचारणाऱ्याचा आयपी (अंकी) पत्ता आपण साठवत नाही, असं ती सांगते. हे पाहणं गरजेचं आहे, कारण साइटची नावं आता मालकांऐवजी या संस्थेकडे जाणार. यापुढे प्रश्न ८५३ पोर्टवरून एन्क्रिप्ट होऊन जातील. तो रस्ता बंद असेल तर इंटरनेटच चालणार नाही, पण फोन गुपचूप उघड्या रस्त्यावर येणार नाही. मला हेच हवं असतं. तसं झालंच, तर 'प्रायव्हेट डीएनएस' पुन्हा 'ऑटोमॅटिक'वर आणा आणि ब्राउझरमधलं 'सिक्युअर डीएनएस' चालू करून तिथेही प्रोव्हायडर स्वतः निवडा. ते ४४३ वरून, इतर वेब ट्रॅफिकमध्ये मिसळून जातं. मात्र त्याचा उपयोग ब्राउझरपुरताच, स्ट्रीमिंगच्या अ‍ॅपला नाही.

व्हिडिओ अडखळू लागला तर घाबरून सगळं बंद करू नका. काही स्ट्रीमिंग सेवा डीएनएसचा प्रश्न कुठून आला यावरून जवळचा सर्व्हर ठरवतात, आणि प्रोव्हायडर बदलला की कधीकधी लांबचा सर्व्हर वाट्याला येतो. तेव्हा दुसरा प्रोव्हायडर वापरून पाहा.

एवढं करूनही एक फट राहते, आणि ती तुमच्यापासून लपवणं मला बरोबर वाटत नाही. सर्व्हरचा आयपी पत्ता दिसतोच. शिवाय जोडणी सुरू होताना साइटचं नाव अजूनही बऱ्याच ठिकाणी उघडं जातं. नुसता डीएनएसचा लॉग वाचणाऱ्याला ते दिसणार नाही. जाणकार माणसाने ठरवलं तर दिसेल. म्हणून माझा सल्ला असा, की या मुलाखतींपुरता तरी मोबाइल डेटा वापरा. मालकांचा राउटर वाटेतच येणार नाही. आणि रात्रीची झोप बरेच दिवस उडाली असेल, तर डॉक्टरांनाही भेटा.

प्रश्न : फोनचं जमलं, पण स्मार्ट टीव्हीत असं सेटिंग सापडत नाही. टीव्हीवर काय पाहतो हे कसं झाकायचं?

उत्तर : राउटर तुमचा असेल आणि त्यात 'डीएनएस ओव्हर टीएलएस' किंवा 'डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस' (डीएनएसचे प्रश्न एन्क्रिप्ट करण्याच्या दोन पद्धती) असेल, तर ते तिथे चालू करा. मग टीव्हीचे प्रश्न घराबाहेर पडताना झाकले जातात. काही अ‍ॅप स्वतःचाच ठरलेला डीएनएस वापरतात, ती मात्र यातून निसटतात. स्ट्रीमिंग कंपनीला तुम्ही काय पाहता हे तुमच्या खात्यामुळे कळतंच, तिथे डीएनएसचा संबंध नाही. त्याहून मला खटकते ती बऱ्याच टीव्हींमधली एसीआर ही सोय. पडद्यावर काय चाललंय ते ती ओळखते आणि कंपनीला कळवते. प्रायव्हसीच्या मेन्यूत ती 'व्ह्यूइंग इन्फर्मेशन' अशा काहीतरी साध्या नावाने असते. आज टीव्ही लावाल तेव्हा आधी ती बंद करा.