डावा हात कुठे जाणार?

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

नाटकांना पार्श्वसंगीत द्यायला पहिला सिंथ (सिंथेसायझर) कुठला घ्यावा, हा तुझा मेसेज परवाच मिळाला. दोन ओळींत उत्तर देण्यासारखा प्रश्न नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. तू दोन वाद्यांचे फोटो पाठवलेस. एक कॉर्गचा मिनिलॉग, ३७ पट्ट्यांचा. दुसरा ६१ पट्ट्यांचा, हजारभर टोन, म्हणजे तयार आवाज, असलेला सिंथ. दोन्ही तू मोबाइलवर ऐकलेस, पण हात अजून एकावरही ठेवलेला नाहीस. माझी काळजी तीच आहे.

नाशिकला पंचवटीतल्या आपल्या खोलीत तू सहा वर्षं पेटी शिकलीस. लोकांना तुझा उजवा हात दिसतो, पण गाणाऱ्याच्या श्वासाबरोबर जातो तो भात्यावरचा डावा. समेवर येताना तू भाता किंचित सैल सोडतेस. ते मी शिकवलेलं नाही, तुझं तुला सापडलं आहे. सिंथला भाता नाही. मग तो हात कुठे जाणार? पिच बेंड (सूर वर-खाली ओढणं) आणि मॉड्युलेशन (सुराला कंप देणं) यांच्या चाकांवर. भात्याचा दाब मात्र पायात उतरतो, आवाज कमी-जास्त करणाऱ्या एक्स्प्रेशन पेडलमध्ये. म्हणून टोनची यादी वाचण्याआधी वाद्याची डावी बाजू आणि पाठीमागची पेडलची जागा बघ.

मी माझा पहिला कीबोर्ड घेतला तेव्हा नेमकं हेच बघितलं नव्हतं. घरी आणल्यावर कळलं, पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज एकच. त्यावर चार वर्षं ऑर्केस्ट्रात वाजवलं आणि हात जड झाला. तो जडपणा काढायला पुढे त्याहून जास्त वर्षं गेली.

मिनिलॉगबद्दल सांगतो. आवाज अस्सल अॅनालॉग, उबदार, मलाही फार आवडतो. पण पट्ट्या बारीक आहेत, आणि एका वेळी चारच सूर वाजतात. डाव्या हाताने तीन सुरांचा कॉर्ड धरलास आणि उजव्याने चाल वाजवायला लागलीस, की चालीचा एक सूर वाजतो. दुसरा घेताच आधीचा कुठला तरी सूर, त्याची शेपूट विरायच्या आतच तुटतो. एकांकिकेत दिवे मावळताना असा तुटलेला सूर फार टोचतो. चाकंही नाहीत, एक तिरकी स्लायडर आहे. तुझं दुसरं वाद्य म्हणून तो छान, पहिलं म्हणून नको.

दुकानात गेलीस की आधी रिव्हर्ब (घुमारा) आणि कोरस (आवाज दाट करणारा परिणाम) बंद करायला सांग. त्यांच्या खाली कुठलाही टोन गोड लागतो. मग बासरी किंवा सारंगीचा टोन घे आणि बेंड रेंज, म्हणजे सूर किती ओढता येतो, ते बघ. बहुतेक वाद्यांत ती दोन सेमिटोनवर लावलेली असते, म्हणजे षड्जावरून रिषभापर्यंतच पोचशील. चार कर, आणि षड्जावरून शुद्ध गंधारापर्यंत अगदी सावकाश ओढ. पेटीवर जी मींड तुला कधीच घेता आली नाही, ती इथे हातात येईल. रोलंडची दांडी सोडली की मधे परत येते. यामाहाच्या दोन चाकांपैकी मॉड्युलेशनचं जिथे सोडशील तिथे राहतं. मला चाकं बरी वाटतात, कारण पेटीवाल्याला हात ठेवून द्यायची सवय असते.

आणखी एक, स्केल ट्यूनिंग, म्हणजे एकेक सूर वेगळा चढवा-उतरवायची सोय, आहे का ते विचार. तू काळी एकमध्ये वाजवतेस, म्हणजे गंधार पांढरी चारवर येतो. कीबोर्डच्या समस्वरित सप्तकात, म्हणजे बारा सारख्या अंतरांच्या सप्तकात, तो तानपुऱ्याशी जुळणाऱ्या शुद्ध गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे सेमिटोनचा शंभरावा भाग) चढा असतो. तेवढा तो सूर उतरव आणि तानपुऱ्यावर धरून बघ. तुझा कान तयार आहे, मी काही बोलायची गरज पडणार नाही. हे फक्त चालीच्या टोनला लाव. कॉर्डना लावलंस तर दुसऱ्या स्केलमध्ये गेल्यावर सगळं बेसूर होईल.

लॅपटॉप आहे तर नुसता मिडी कंट्रोलर (स्वतःचा आवाज नसलेला, लॅपटॉपला जोडायचा कीबोर्ड) का नको, असंही विचारलं होतंस. घरच्या कामाला पुरेल. पण कालिदास नाट्यगृहात लाइव्ह पार्श्वसंगीत द्यायचं असेल, तर चालू केल्याबरोबर स्वतः वाजणारं वाद्य हाताशी हवं. ६१ पट्ट्यांचा सिंथ यूएसबीने लॅपटॉपला जोडून कंट्रोलर म्हणूनही वापरता येतो, त्यामुळे माझं मत त्याच्याच बाजूने आहे.

जुना मिळाला तरी बिचकू नकोस. मिडी, म्हणजे वाद्यांनी एकमेकांशी बोलायची ठरलेली पद्धत, १९८३ पासून आहे. त्या वर्षीचा यामाहाचा डीएक्स७ सिंथ आजही पाच पिनांच्या वायरने आजच्या यंत्रांशी बोलतो. फक्त ६१ पट्ट्या एकेक करून आधी हलक्या, मग जोरात दाबून बघ. एखादी हलक्या बोटालाही ओरडली, तर तिच्या रबरी कॉन्टॅक्टमध्ये धूळ किंवा झीज आहे, आणि किंमत तेवढी कमी करून माग.

रविवारी सकाळी मी मोकळा आहे. आधी खोलीवर ये, मग शालिमार भागातल्या दुकानात जाऊ. तुझे स्वतःचे हेडफोन आण, दुकानातले नकोत.

तुझे,
सर