गणित आणि गाणं सोबत शिकताना: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगी बारावी शास्त्र उत्तीर्ण झाली. तिला गणितात बीएस्सी करायचं आहे, आणि आठवीपासून ती शास्त्रीय गाणं शिकते आहे. दोन्ही पदव्या एकाच वेळी करता येतात असं कळलं. खरं आहे का? आणि करावं का? (एक पालक, इचलकरंजी)

खरं आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये ही मुभा दिली. दोन्ही अभ्यासक्रम प्रत्यक्ष वर्गात बसून करायचे असतील, तर तासांच्या वेळा एकमेकांवर येता कामा नयेत. एक प्रत्यक्ष आणि दुसरा दूरशिक्षणाने, किंवा दोन्ही दूरशिक्षणाने, हेही चालतं.

अडचण नियमात नसून कागदात आणि वेळापत्रकात आहे. बहुतेक महाविद्यालयं प्रवेशाच्या वेळी मूळ दाखला जमा करून घेतात, आणि मूळ दाखला एकच असतो. म्हणून शुल्क भरण्याआधीच दोन्ही कार्यालयांत लेखी विचारा: दुसऱ्या पदवीसाठी दाखल्याची साक्षांकित प्रत चालेल का? हजेरीची अट दोन्हीकडे स्वतंत्र असते. सगळ्यात मोठी पंचाईत सत्रपरीक्षांची. त्या दोन्हीकडे साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि एप्रिल-मे अशाच येतात. तासांच्या वेळा जुळल्या तरी पेपरच्या तारखा जुळतील याची हमी कुणी देत नाही.

आमचं स्पष्ट मत: पदवी गणिताची नियमित करावी आणि गाणं गुरूकडे चालू ठेवावं. पदवीच्या चार वर्षांच्या नव्या रचनेत दुय्यम विषय वेगळ्या शाखेचा घेता येतो, पण महाविद्यालयात संगीत विभाग असेल तरच संगीत मिळतं. तेव्हा दुय्यम विषयांची यादी प्रवेशाआधी हातात घ्या. ते मिळालं तरी त्याच्याकडून किती अपेक्षा ठेवायची, याचा हिशेब असा. दुय्यम विषयाला साधारण २० श्रेयांक (क्रेडिट) असतात. प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक म्हणजे ३० तास. सगळेच प्रात्यक्षिकाचे धरले तरी पूर्ण पदवीत ६०० तास होतात. रोज दोन तास रियाज केला तर एका वर्षात ७३० होतात. म्हणजे दुय्यम विषयाने गुणपत्रिकेत संगीत येईल, गळ्यात येणार नाही. ते काम घरच्या तंबोऱ्याचं.

प्रश्न : पदवीऐवजी विशारद केलं तर? (विद्यार्थिनी, सातारा)

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद ही संगीतातली प्रतिष्ठेची परीक्षा आहे, पण ती 'पदवीच्या बरोबरीची' मानायची की नाही हे प्रत्येक विद्यापीठ आणि नोकरी देणारा आपापलं ठरवतो. संगीतात एमए करायचा विचार असेल, तर ज्या विभागात जायचं आहे त्याची प्रवेशाची अट आजच वाचा. गणिताची पदवी अधिक विशारद अधिक प्रात्यक्षिक चाचणी, अशी वाट अनेक ठिकाणी मोकळी असते.

लेखी पेपरात मार्क जातात ते स्वरलिपीत, म्हणजे स्वर-ताल कागदावर लिहिण्याच्या खुणांत. भातखंडे आणि पलुस्कर या दोन्ही पद्धतींच्या खुणा वेगळ्या आहेत. त्या एकाच उत्तरात मिसळल्या की बंदिश बरोबर असूनही गुण कापले जातात.

प्रश्न : तबल्याच्या विशारदची तयारी करतो आहे, गणिताच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तीनतालात समेपासून समेपर्यंत बेदम तिहाई दुगुणीत बसते. एकतालात मात्र कुठल्याच लयीत बसत नाही. माझी मोजणी चुकते का? (विद्यार्थी, नांदेड)

मोजणी बरोबर आहे. एकतालात ती बसणारच नाही, आणि हे सिद्ध करता येतं.

सम म्हणजे तालाची पहिली मात्रा, आवर्तन म्हणजे तालाचा एक पूर्ण फेरा. तिहाई म्हणजे एकच बोल तीनदा: मध्ये न थांबता घेतली तर बेदम, मध्ये दम (विराम) घेतला तर दमदार. तिचा शेवटचा 'धा' पुढच्या समेवर पडतो. म्हणून समेपासून समेपर्यंतची लांबी आवर्तनापेक्षा एका एककाने जास्त. तालाच्या मात्रा म आणि लयीची पट ल (ठाय १, दुगुण २, तिगुण ३) धरा. एका मात्रेत ल एककं, म्हणून एकूण एककं म×ल+१. बेदम तिहाईत एकच बोल तीनदा येतो, तेव्हा ही संख्या तीनने भागली गेली पाहिजे. एकतालात म = १२. बारा गुणिले काहीही, त्याला तीनने पूर्ण भाग जातो. त्यात एक मिळवला की बाकी नेहमी एकच उरते. चौताल आणि दादऱ्याचं (१२, ६) हेच.

तीनताल, झपताल, रूपक (१६, १०, ७) या तिन्हींना तीनने भागलं तर बाकी एक. म्हणून त्यांत दुगुण चालते, ठाय, तिगुण आणि चौगुण चालत नाही. तीनतालात दुगुणीची ३३ एककं, म्हणजे ११ चा बोल. झपतालात २१, म्हणजे ७ चा. रूपकात १५, म्हणजे ५ चा. धमार आणि केरव्याची (१४, ८) बाकी दोन. तिथे उलट ठायीत बसते: धमारात १५ म्हणजे ५ चा बोल, केरव्यात ९ म्हणजे ३ चा. एका ओळीच्या बाकीच्या गणिताने सगळे ताल तीन घरांत वाटले जातात, आणि हे एकदा डोक्यात बसलं की पाठांतराचं मोठं ओझं उतरतं.

एकतालासाठी दोन उपाय. समेनंतर दुसऱ्या मात्रेपासून उचला: उरलेल्या ११ मात्रा आणि सम मिळून १२, म्हणजे ४ चा बोल बेदम. किंवा दम घ्या. बोल ३, दम २: ३+२+३+२+३ = १३. इथे एक मात्रेचा दम चालत नाही. लहानात लहान दोनच.

तीनतालात दमदार तिहाई हवी असेल तर 'तिट कत गदि गन धा' हा पाच मात्रांचा बोल आणि एक मात्रा दम: ५+१+५+१+५ = १७. हाच बोल बेदम तीनदा घेतला की १५. या १५ च्या गठ्ठ्यानंतर दोन मात्रा दम, आणि असं तीनदा: १५+२+१५+२+१५ = ४९. तीन आवर्तनांची चक्रदार (तिहाईचीच तिहाई) समेवर येते.

बहुतेकांचं चुकतं ते मधल्या 'धा'शी. बोलाच्या शेवटच्या 'धा'ला त्याचं पूर्ण एकक द्यायचं आणि दम त्यानंतर मोजायचा. 'धा'लाच दम धरलं तर दोन्ही दम एकेकाने आखडतात, आणि तिहाई समेच्या दोन एककं आधीच संपते.

प्रश्न : महाविद्यालयात गणित मंडळासाठी निबंध लिहायचा आहे. मराठी मातीतला, संगीताशी जोडलेला विषय सुचवा. (विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

विषय तुमच्या गावाजवळच आहे. देवगिरीचा यादव राजा सिंघण याच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्याच सिंघणाच्या पदरी भास्कराचार्यांचा नातू चांगदेव ज्योतिषी होता, आणि आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्याने चाळीसगावजवळ पाटण येथे मठ काढला. त्या मठाचा शिलालेख आजही आहे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तला अंकपाश, म्हणजे अंकांची मांडामांड, आणि 'रत्नाकरा'तला स्वरप्रस्तार, म्हणजे स्वरांची मांडामांड, हे दोन्ही एकाच प्रश्नाकडे पाहतात.

तीन स्वरांचे क्रम सहा: सारेग, रेसाग, सागरे, गसारे, रेगसा, गरेसा. चारांचे २४, पाचांचे १२०, सातांचे ५०४०. शार्ङ्गदेव नुसती संख्या सांगून थांबत नाही. अमुक क्रमांकाची तान कोणती (नष्ट) आणि अमुक तान कितव्या क्रमांकाची (उद्दिष्ट), हे यादी न लिहिता काढायची खंडमेरूची (संख्यांच्या तक्त्याची) रीत तो देतो. निबंधाचा गाभा हाच ठेवा, आणि चार स्वरांवर नष्ट-उद्दिष्ट हाताने सोडवून दाखवा.

गायनाची बाजू हवी असेल तर मुंबईचं भेंडीबाजार घराणं आणि उस्ताद अमीर खाँ यांची गायकी मेरुखंडासाठी, म्हणजे स्वरांचे क्रम बदलत गाण्याच्या रीतीसाठी, ओळखली जाते. स्वतः गाऊन बघायचं तर चार स्वरांच्या २४ ताना घ्या. मात्रेला एक स्वर धरला तर ९६ मात्रा, म्हणजे तीनतालाची बरोबर सहा आवर्तनं.

निबंधात एक धोका टाळा: क्रमांची संख्या म्हणजे रागांची संख्या नव्हे. भूप आणि देशकार, दोन्ही रागांचे स्वर सारेगपध. वेगळेपण चलनात (स्वर कसे फिरतात), वादी-संवादीत (मुख्य आणि त्याच्या जोडीचा स्वर) आणि ठेहरावात आहे. मोजणीला ते दिसत नाही. हे लिहिलंत तर परीक्षक खूश होतील, आणि मुख्य म्हणजे ते खरं आहे.

प्रश्न : तंबोऱ्यासोबत गाताना गंधार बरोबर लागतो, हार्मोनियम सुरू झाली की खटकतो. गणिताचे सर म्हणतात की कारण अंकांत आहे. (विद्यार्थी, मडगाव)

आहे. तंबोऱ्यावर आपोआप ऐकू येणारा स्वयंभू गंधार षड्जाच्या कंपनसंख्येच्या ५/४, म्हणजे १.२५ पट. हार्मोनियमची सप्तकाची बारा घरं सारख्या गुणोत्तराने वाटलेली, त्यामुळे तिचा शुद्ध गंधार सुमारे १.२६ पट. षड्ज २४० धरला तर गळ्याचा गंधार ३००, पेटीचा ३०२.४. फरक छोटा वाटतो, पण षड्जाचा पाचवा स्वरांश (मूळ कंपनसंख्येच्या पाचपट) १२०० आणि पेटीच्या गंधाराचा चौथा सुमारे १२०९.५ एकत्र वाजले की सेकंदाला साडेनऊ विस्पंद (आवाजाचे चढउतार) उमटतात. तुम्हाला खटकते ती ही थरथर. पंचमाचं मात्र जमतं: १.५ च्या जागी १.४९८.

पेटीला अशी सारखी वाटणी का लागते? बारा पंचम एकावर एक रचले की सात सप्तकं पूर्ण होतील असं वाटतं. पण (३/२) चा बारावा घात १२९.७५, आणि सात सप्तकं म्हणजे १२८. हे कधीच जुळणार नाही, कारण तीनचा कोणताही घात विषम आणि दोनचा सम. हार्मोनियम ही तफावत बारा घरांत वाटून घेते.

रियाजासाठी: गंधार, धैवत आणि कोमल गंधार फक्त तंबोऱ्यावर पक्के करा. पेटीचे शुद्ध गंधार-धैवत चढे आहेत, कोमल गंधार उतरा. पेटी घ्यायचीच असेल तर त्या वेळी फक्त षड्ज-पंचम दाबून ठेवा.