वाचकांचे प्रश्न : फिरत्या प्रदर्शनाला विषय कोणता घ्यावा?

प्रश्न (उमरेड) : आमच्या छोट्या संग्रहालयातल्या काही वस्तू घेऊन आसपासच्या पाच-सहा गावांत प्रदर्शन न्यायचं आहे. समितीत 'विदर्भाचा इतिहास' आणि 'आपला सांस्कृतिक वारसा' असे दोन विषय निघाले. कोणता घ्यावा?

उत्तर : दोन्ही नको. सगळं प्रदर्शन एका छोटा हत्तीत मावायचं म्हणजे पंधरा-वीस वस्तू आणि आठ-दहा फलक. एवढ्यात वाकाटकांपासून एम्प्रेस मिलपर्यंत सगळं कोंबलं की प्रत्येकाच्या वाट्याला एक फोटो आणि चार ओळी येतात. तेवढं शाळेच्या पुस्तकातही असतं.

विषय असा घ्या की ज्या गावी प्रदर्शन जाईल, तिथल्या लोकांना घरातली वस्तू आणून त्यात भर घालता येईल. आमची पहिली पसंती तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मुलं मिरवतात त्या लाकडी बैलाला. आपल्याकडे तो कितीतरी घरांत माळ्यावर असतो. त्याच्यापासून सुरुवात केली की सुतार, लाकूड, चाकं, मग खऱ्या बैलाचं जू, झूल, वेसण, घुंगरमाळ, बंडी आणि शेवटी ट्रॅक्टर, असा शेतीचा इतिहास आपोआप उलगडत जातो. प्रत्येक गावात चार बाय दोन फुटांचं एक टेबल मुद्दाम रिकामं ठेवा. ते त्या गावच्या बैलांसाठी.

विषय पक्का करण्याआधी तो एका प्रश्नात लिहून पाहा. उदाहरणार्थ, 'आपल्या गावात लाकडी बैल कोण घडवायचं?' मग आठवडी बाजारात दहा जणांना विचारा, 'तुमच्या घरी यातलं काय आहे?' सहा जणांनी एखाद्या वस्तूचं नाव घेतलं तर विषय चालेल. सगळेच नुसतं 'छान आहे' म्हणाले तर सोडून द्या.

वेळेचं गणितही आधीच मांडा. पोळा ऐन पावसाळ्यात येतो, तेव्हा वस्तू हलवणं धोक्याचं. पण बैल माळ्यावरून खाली येतात ते याच दिवसांत, म्हणून फोटो आणि नोंदी तेव्हाच उरकून घ्या. प्रदर्शन मात्र धानाची कापणी-मळणी आटोपल्यावर, डिसेंबर ते फेब्रुवारीत न्या.

पुढे पवनी-भंडाऱ्याकडे जायचं असेल तर मामा तलावांचा, म्हणजे माजी मालगुजारांच्या (जमीनदारांच्या) काळातल्या तलावांचा विषय फार समृद्ध आहे. तलाव कोणी बांधले, पाण्याची पाळी कशी लागायची, 1951 मध्ये मालगुजारी गेल्यावर तलावाच्या बांधाची डागडुजी कोणाकडे आली, यावर म्हातारी माणसं तासन्‌तास बोलतात. अडचण नकाशाची. तलावाच्या पोटात कोणाचं शेत दाखवलं, यावरून भांडण पेटू शकतं. म्हणून फलकांचा कच्चा मसुदा ग्रामपंचायतीला आणि मच्छीमार संस्थेला छपाईआधी दाखवा.

प्रश्न (नागपूर ग्रामीण) : आमच्याकडे शेतात सापडलेले दगडी मणी आहेत. ते फिरवावेत का?

उत्तर : नाही. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना 1972 चा पुरावशेष कायदा लागू होतो. आधी राज्य पुरातत्त्व विभागाला लेखी कळवा आणि मणी जिथे आहेत तिथेच कुलपात ठेवा. विषय मात्र उत्तम आहे! नागपूरजवळच्या माहुरझरीला शिळावर्तुळं आहेत आणि जुन्या काळी मणी घडवल्याच्या खुणाही. 'मणी कसा घडतो?' असा विषय घेऊन अकीकाचा कच्चा दगड, तापवून लाल केलेला दगड, घासलेला आणि भोक पाडलेला मणी असे टप्पे नव्याने करवून मांडा. ते मुलांच्या हातात देता येतात. हरवला तरी दुसरा करता येतो.

प्रश्न (काटोल) : गावकऱ्यांनी दिलेल्या वस्तू सांभाळायच्या कशा? आणि फलक कशावर छापावेत?

उत्तर : वस्तू घेताना चारही बाजूंनी फोटो काढा, आधीचे तडे आणि तुटलेली चाकं पावतीवर लिहा, दोन प्रतींवर सह्या घ्या. परत देताना तीच पावती समोर ठेवून वस्तू तपासा. पावती नसली की जुन्या तड्याचा दोषही तुमच्यावर येतो.

लाकडी वस्तू थेट संग्रहालयात आणू नका. काळ्या कागदावर ठेवून, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून दोन आठवडे वेगळी ठेवा. कागदावर ताजी भुकटी पडली तर आत कीड जिवंत आहे. ती वस्तू घेऊ नका, फोटोवर भागवा.

लाकडाला दीडशे ते दोनशे लक्स प्रकाश चालतो, झूल आणि कागद मात्र पन्नास लक्सच्या आत. खिडकीतलं ऊन याच्या कितीतरी पट असतं, म्हणून झूल खिडकीसमोर टांगूच नका. दोन झुली असतील तर आळीपाळीने लावा.

फलकांना सनबोर्ड टाळा, उन्हात उभ्या बंद गाडीत तो वाकतो. चकाकणाऱ्या फ्लेक्सवर उजेड पडला की अक्षरं दिसत नाहीत. कापडावर छापून वर-खाली काठी घाला आणि गुंडाळी करा. एका फलकावर साठ-सत्तर शब्द पुरेत. शाळकरी मुलं जास्त येणार असतील तर फलकाचा मध्य जमिनीपासून चार फुटांवर ठेवा.

वस्तू नेण्याची पेटी बारा मिलिमीटर प्लायवूडची, आत पॉलिथिन फोम, भरलेलं वजन पंचवीस किलोच्या आत. वर्तमानपत्रात काही गुंडाळू नका. शाई लागते, आणि त्या कागदातल्या आम्लाने कापड पिवळं पडतं. प्रत्येक पेटीच्या झाकणाला आतून फोटो चिकटवा, कोणती वस्तू कुठे बसते त्याचा. पुढच्या गावात पेटी भरणारे हात दुसरे असतात.