बावन्न पुस्तकं आणि वास मारणारी बादली

“मॅडम, मी आरंभशूर आहे. यावर काही करता येतं का, तेवढंच विचारायला आले.”

मे महिन्यातली दुपार होती. खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी हे सांगून टाकलं. मीनाताई म्हणू या त्यांना. नाव बदललेलं आहे, घरचे तपशीलही थोडे इकडचे तिकडे केले आहेत, आणि त्यांना विचारूनच हे लिहिते आहे. वय त्रेचाळीस, नाशिकला एका पतसंस्थेत नोकरी, घरी नवरा, सासूबाई आणि दहावीत गेलेला मुलगा.

त्यांची तक्रार नवी नव्हती. ‘उत्साहाने सुरू करते आणि मध्येच सुटतं’ हे माझ्याकडे जानेवारीच्या शेवटी एकदा आणि मे-जूनमध्ये एकदा असं हमखास येतं. बहुतेक बायकाच येतात. पुरुषांची कामंही अर्धवट राहतात, पण त्यासाठी समुपदेशकाकडे जावं असं त्यांना सहसा वाटत नाही.

मीनाताईंनी पर्समधून घडी घातलेला कागद काढला. त्यावर चार ओळी होत्या. ‘वर्षात ५२ पुस्तकं – ९ झाली. गोधडी – अर्धी. गॅलरीतली वारली – अर्धी. कचऱ्याचं खत – फेकून द्यायचं?’

ते शेवटचं प्रश्नचिन्ह पाहून मला बरं वाटलं. एका तरी बाबतीत निकाल लागायचा होता.

पहिल्या भेटीत मी नेहमीचे प्रश्न विचारले. झोप कशी आहे, जेवण जातं का, रडू येतं का, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टी आताही आवडतात का. ‘लक्ष लागत नाही’ हे नैराश्याचंही लक्षण असतं. थायरॉइड बिघडलं किंवा हिमोग्लोबिन कमी झालं तरी असंच होतं. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन रमत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर पुस्तकांचा हिशेब बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जायला हवं. शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांकही त्यासाठीच आहे, तो फुकट आहे. मीनाताईंचं तसं काही नव्हतं. मुलाच्या गमतीजमती सांगताना त्या खळखळून हसत होत्या. रक्ताचे रिपोर्ट मार्चमध्येच झाले होते, सगळे ठीक.

“आरंभशूर हा शब्द कुणाचा?” मी विचारलं.

“बाबांचा. हार्मोनियमचा क्लास सोडला, हिंदीच्या परीक्षा दोन देऊन सोडल्या, तेव्हापासून. आता सासूबाई म्हणतात, सूनबाईंचं सगळं अर्धवट. शब्द वेगळे, अर्थ तोच.”

इथे माझी चूक झाली, ती सांगायलाच हवी. मी लगेच उपायाला लागले. रात्री झोपण्यापूर्वी पंधरा पानं, रोज, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी. आमच्या शास्त्रात हे चुकीचं नाही. वेळ आणि जागा आधी ठरवली की काम होण्याची शक्यता वाढते. पण कुलूप कसलं आहे ते न बघताच मी किल्ली देऊन मोकळी झाले.

पंधरा दिवसांनी त्या आल्या त्या आणखी ओशाळून. “तीन दिवस जमलं. मग रोज पुस्तक उघडलं की डोकं दुखायला लागलं. आणि एकवीस दिवस सलग केलं नाही तर सवय लागत नाही म्हणतात ना? म्हणजे माझं संपलंच.”

ते एकवीस दिवसांचं खूळ मला नेहमी भेटतं. मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या अमेरिकी प्लास्टिक सर्जनने १९६० साली लिहिलं होतं, की शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना निदान एकवीस दिवस लागतात. पुढे त्यातलं ‘निदान’ गळालं, चेहरा गळाला, आणि पहाटे उठण्यापासून पुस्तक वाचण्यापर्यंत सगळ्याला एकवीस दिवस चिकटले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला, तो २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात सवय अंगवळणी पडायला कुणाला १८ दिवस लागले, तर कुणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. मधला आकडा ६६. आणि एखादा दिवस चुकला म्हणून फारसं काही बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. हे ऐकून मीनाताई म्हणाल्या, “अडीचशे? मग मी अजून नापास नाही झाले तर.”

पण डोकं दुखतं हे माझ्या मनात अडकून राहिलं. त्यांच्या पर्समध्ये पुस्तक होतं. म्हटलं, एक पान वाचून दाखवा.

त्यांनी पुस्तक उघडलं, हात लांब केला, मग आणखी लांब केला, आणि ट्यूबलाइटच्या दिशेने तिरकं धरलं.

मला हसू आलं आणि स्वतःचा रागही. आपल्या भाषेत वाचायच्या चष्म्याला नावच ‘चाळिशी’ आहे. समोर त्रेचाळीस वर्षांची बाई ‘वाचताना लक्ष उडतं’ म्हणून सांगते आहे, आणि मी तिला वेळापत्रक देते आहे! वयाबरोबर डोळ्यातलं भिंग ताठर होतं, जवळचं पाहण्यासाठी ते पूर्वीसारखं फुगत नाही. दिवसभर पतसंस्थेत कॉम्प्युटर जरा लांब असल्यामुळे काही कळत नाही. रात्री पिवळ्या दिव्याखाली बारीक छपाई समोर आली की डोळे ताण घेतात, डोकं चढतं, आणि माणूस मोबाइल उचलतो, कारण त्यावर अक्षर मोठं करता येतं. मीनाताईंनी यातून काढलेला निष्कर्ष एकच होता: मला चिकाटी नाही.

डोळे तपासले, सव्वाचा नंबर निघाला.

तिसऱ्या भेटीला त्या चष्मा घालून आल्या. वाचन सुरू झालं होतं, तरी चेहऱ्यावर समाधान नव्हतं. मग आम्ही बावन्नच्या आकड्याकडे वळलो. ऑफिसातल्या आणि ओळखीच्या बायकांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप होता. दर महिन्याच्या एक तारखेला वाचलेल्या पुस्तकांची मुखपृष्ठं टाकायची. जानेवारीत त्यांची चार झाली, फेब्रुवारीत तीन, मार्चमध्ये दोन, एप्रिलमध्ये एकही नाही. मे उजाडल्यावर त्यांनी ग्रुपचा आवाजच बंद करून टाकला.

“वाचलेल्या नऊंपैकी सगळ्यात जास्त काय आवडलं?”

त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “खरं सांगू? मी बारीक बारीकच पुस्तकं घेत होते. शंभर पानांच्या आतली. जाड पुस्तक घेतलं की महिना बुडतो ना. एकाचा तर शेवट काय होता तेही आठवत नाही.”

महिना बुडतो! एका वाक्यात सगळं आलं. पुस्तकं मोजायला आकडा धरला होता. आता आकड्याला सोयीची पुस्तकं निवडली जात होती. त्यांना खरं वाचायची होती ती सातशे पानांची कादंबरी, आणि ती दिवाळीपासून कपाटात तशीच पडून होती. मला वाचनाच्या आकड्यांचा तिटकारा नाही. काहींना त्याने खरंच गती येते. पण मोजणाऱ्याला मोजल्याची भीती वाटू लागली, की तो आकडा उपयोगाचा राहत नाही, असं माझं मत आहे.

मी विचारलं, वाचताना शेवटचं सुख कधी वाटलं? त्यांना सांगायला वेळ लागला नाही. आठवीची सुट्टी. तालुक्याच्या गावातलं शासनमान्य वाचनालय, वर फिरणारा कुरकुरता पंखा, आणि तिरसट ग्रंथपाल. वडिलांच्या नावावर एक पुस्तक आणि एक मासिक मिळायचं. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी चिकटवलेली. आठवड्याने परत.

“सगळी पूर्ण वाचायचात?”

“छे! कितीतरी चार पानं वाचून परत दिलेली. ग्रंथपाल एवढंच विचारायचे, तारीख उलटली का.”

मग आम्ही दोघी थोडा वेळ नुसत्याच बसलो. मला वाटतं तिथे त्यांना स्वतःलाच काहीतरी दिसलं. वाचनालयात पुस्तकाचा शेवट दोन प्रकारे व्हायचा: वाचून किंवा परत करून. दोन्हींवर शिक्का तोच. घरच्या कपाटात विकत घेतलेल्या पुस्तकाला परतीची तारीखच नसते. न आवडलेलं पुस्तक तिथेच उभं राहून रोज आपल्याकडे बघत राहतं. “पैसे दिलेत” हा आणखी एक खिळा.

उपाय मग त्यांनीच काढला. एक शंभर पानी वही, दोन रकाने: घेतलं, परत केलं. ‘पूर्ण झालं’ असा रकाना मुद्दाम नाही. कपाटातली अकरा पुस्तकं त्यांनी एका रविवारी ‘परत’ केली, म्हणजे मैत्रिणींना आणि सोसायटीच्या पेटीत दिली. आणि नाशिकचं सार्वजनिक वाचनालय, जे १८४० सालापासून चालू आहे, त्याचं सभासदत्व घेतलं. “परत करायला जागा हवी ना,” म्हणाल्या.

आता बादली.

मीनाताईंनी एप्रिलमध्ये गॅलरीत झाकणाच्या बादलीत स्वयंपाकघरातल्या कचऱ्याचं खत करायला घेतलं होतं. मेमध्ये तिला असा वास सुटला की सासूबाईंनी गॅलरीचं दार लावून घेतलं. मीनाताई मला हे सांगत होत्या ते ‘बघा, हेही जमलं नाही’ अशा सुरात. मी विचारलं, काय काय टाकत होतात? कलिंगडाची सालं, आंब्याची सालं, दुधीचे देठ, कधी उरलेली आमटी. वाळलेलं काही? नाही. बादलीला भोकं? नाही.

माझ्या आईने परसात वर्षानुवर्षं खत केलं आहे, त्यामुळे एवढं मला कळतं: यात मनाचं काही नव्हतं, बादलीत पाणी जास्त होतं. ओला कचरा, हवा नाही, म्हणजे कुजण्याऐवजी सडणं. बुडाला आणि बाजूला भोकं पाडायची, ओल्याच्या जोडीला निदान तेवढाच वाळका पाचोळा किंवा नारळाच्या शेंड्यांचा भुगा घालायचा, दोन-तीन दिवसांनी काठीने खालवर करायचं. थोडं आंबट ताक शिंपडलं तर जिवाणूंना जोर येतो. शिजवलेलं आणि आमटी तर नकोच. दीड-दोन महिन्यांत मातीचा वास यायला लागतो. समुपदेशनाच्या तासात मी पाचोळ्याचं प्रमाण समजावत बसले होते, आणि तो त्या दिवसाचा सगळ्यात कामाचा अर्धा तास होता.

गोधडीचं गणित आणखी वेगळं. बारा मिनिटांचा व्हिडिओ बघून त्यांनी तीन सुती साड्या फाडल्या होत्या. दोन सुट्ट्यांत होईल असा अंदाज. पाच बाय सातची गोधडी, बोटभर अंतरावर धावदोऱ्याच्या ओळी, कडेकडून आत आत फिरत जायच्या. आमच्याकडे आजी आणि शेजारच्या दोघी दुपारी ओटीवर बसून घालायच्या, तरी महिना जायचा. गप्पा हा त्यातला मोठा भाग. एकटीने, नोकरी करून, दोन शनिवार-रविवारांत? अंदाजच खोटा होता. अंदाज खोटा निघाला की माणूस अंदाजाला बोल लावत नाही, स्वतःला लावतो. मीनाताईंनी झालेला भाग कापून, कडा दुमडून त्याचं दुपटं केलं, भाचीच्या बाळासाठी. बाकीच्या साड्या माळ्यावर गेल्या. गोधडी पूर्ण झाली नाही, होणारही नाही बहुतेक.

वारलीचं मात्र मी काही केलं नाही, त्यांनीही नाही. गॅलरीच्या भिंतीवर गेरूवर पांढऱ्या रंगाने तारपा नाच काढायला घेतला होता. वाजवणाऱ्याभोवतीचा फेरा अर्ध्यावर थांबलेला, शेवटच्या माणसाला एकच पाय. “ते चालेल,” त्या म्हणाल्या. “मुलगा म्हणतो, तो उडी मारतोय.”

तीन गोष्टी, चार कारणं. डोळे, आकडा, ओलावा, अंदाज. वडिलांनी दिलेल्या एका शब्दाखाली ती सगळी इतकी वर्षं एकत्र बांधून ठेवलेली होती, आणि शब्द एकच असल्यामुळे दुखणंही एकच वाटत होतं. मीही पहिल्या भेटीत तसंच धरून चालले होते.

ऑगस्टमध्ये आमची पाचवी आणि शेवटची भेट झाली. वहीत ‘घेतलं’खाली चौदा नोंदी होत्या, ‘परत केलं’खाली बारा. उरलेल्या दोनांपैकी एक ती सातशे पानांची कादंबरी, तीनशे चाळिसाव्या पानावर बसचं तिकीट खोचलेली. एक तारखेच्या ग्रुपचा आवाज अजून बंदच होता. सासूबाई अजून ‘अर्धवट’ म्हणतात का, असं मी विचारलं. म्हणतात, पण आता मोगऱ्याला खत घालायला मागतात.

जाता जाता सहज म्हणाल्या, “जुलैत पावसाने बादलीला पुन्हा वास सुटला होता.”

“मग?”

“मग काय, महापालिकेच्या बागेतल्या माळीदादांकडून पाचोळ्याचं पोतं आणलं.”